पांदणीतली जीप, डांबरावरची थार

मृगाचे दोन दमदार पाऊस झाले की साखऱ्यात चपला हातात घेऊन चालायची रीत होती. सेनगाव तालुक्यातली ही काळी जमीन. उन्हाळ्यात तिला मनगट आत जाईल एवढ्या भेगा पडतात. पाऊस पडला की ती पाणी पिऊन फुगते, भेगा मिटतात आणि मग तिच्यावर पाय ठेवणाऱ्याला ती सोडत नाही. रानातून घरी येईस्तोवर एकेका पायाला किलो-दोन किलो माती. मातीचे अभ्यासक या चिकटपणाचं खापर माँटमोरिलोनाइट नावाच्या खनिजावर फोडतात. त्याचे पापुद्रे अंगात पाणी साठवतात आणि मग फुगतात. गावात एवढंच म्हणत, ‘काळीनं धरलं.’ वर माळावर मुरूम आहे, तिथं कुठलीही गाडी चालते. खरी परीक्षा खाली, पांदणीत.

त्या पांदणीतून भर पावसाळ्यात जाणारं हक्काचं वाहन म्हणजे बैलगाडी. चाक उंच, लोखंडी धाव बारीक. ते चाक चिखलावर तरंगायला जात नसे, चिखल कापत खालच्या घट्ट थरावर टेकत असे. रुतलीच तर शेजारच्या रानातून आणखी एक जोडी सोडून आणायची, पुढं जुंपायची आणि शिव्या द्यायच्या. शिव्या बैलांना असत, पण त्या ऐकून जोर करायची माणसं.

बैलगाडीच्या चाकोरीत चाक घालायची हिंमत करणारी दुसरी गाडी म्हणजे सरकारी जीप. तेव्हा आमचा जिल्हा परभणी. हिंगोली वेगळा व्हायला १ मे १९९९ उजाडावा लागला. १९६२ मध्ये जिल्हा परिषदा आणि पंचायत समित्या सुरू झाल्या, तशी बीडीओ साहेबांच्या दारात जीप उभी राहू लागली. तहसीलदारांची, फौजदारांची, दवाखान्याची अशा मोजून चार जिपा साऱ्या पंचक्रोशीला ओळखीच्या. खाजगी जीप एखाद्या मोठ्या बागायतदाराकडे, तीही बहुधा डिस्पोजलची, म्हणजे लष्करानं वापरून लिलावात काढलेली. फोर बाय फोर हा शब्द कुणी उच्चारत नसे. जीप म्हटलं की चारही चाकं ओढणार हे गृहीतच होतं.

त्या जिपेत पाहण्यासारखं काय, तर ड्रायव्हरच्या गुडघ्याशी असलेले दांडे. गिअरचा मोठा दांडा एक आणि त्याच्याशेजारी दोन बुटके. एकानं पुढची चाकं जोडायची. दुसऱ्यानं वेग पाडायचा आणि ओढ दुपटीच्या आसपास न्यायची. पंचायत समितीचे जे ड्रायव्हर काका आमच्याकडे येत, ते पांदणीच्या तोंडाशी गाडी थांबवत, बिडी पेटवत आणि साहेबांना आत बसवून स्वतः पायी पुढं जात. हातात बाभळीचा फोक. तो ठिकठिकाणी चिखलात खुपसून पाहायचा, तळ कुठं लागतो ते बघायचं, चाकोरी कुठं जास्त खोल आहे ते मनात ठेवायचं. मग परत येऊन दोन्ही बुटके दांडे टाकायचे आणि एकदा निघालं की मधे थांबायचं नाही. थांबलं की बसलं. सीटखाली एक खुरपं असे. चाक आणि मडगार्डच्या मधे माती दाटली की चाक फिरेनासं होतं. तेव्हा खाली वाकून त्या खुरप्यानं माती उकरून काढायची. तलाठी आणि ग्रामसेवक पॅन्टी गुडघ्यापर्यंत दुमडून मागून चालत येत, कारण त्यांचं वजन नको होतं. पराट्या, तुराट्या, रिकामं पोतं, जे हाताला लागेल ते चाकाखाली जाई.

जीप तरून जायची याची कारणं साधी होती. विलीजच्या मूळ जिपेचं वजन अकराशे किलोच्या आत-बाहेर. टायर सहा इंच रुंदीचे, म्हणजे वीतभरही नाहीत. ते बैलगाडीच्या धावेसारखंच काम करत, चिखल कापून तळ गाठत. मडगार्ड सपाट आणि चाकापासून चांगलं वर, त्यामुळं बरीचशी माती आपली आपण गळून पडे. गाडी इतकी आखूड की दोन्ही टोकांना खाली घासायला काही नव्हतंच. आणि रुतली तर सहा माणसं तिला उचलल्यासारखं करून बाजूला सरकवू शकत. हा शेवटचा गुण आज कुठल्याही कंपनीच्या माहितीपत्रकात सापडणार नाही.

आता त्या जिपेची आरती ओवाळायची नाही. साखऱ्याहून हिंगोलीपर्यंत तिच्या मागच्या फळीवर बसून गेलेल्या माणसाला विचारा. कंबरडं मोडायचं. ताडपत्रीच्या फटीतून पाऊस आत, धुरळा आत, उन्हाळ्यात इंजिनाची धग पायांवर. ब्रेक मारायचा तर आधी विचार करून मारायचा. वळणावर जरा वेग जास्त झाला की ती आडवी व्हायला मागंपुढं पाहत नसे. अडलेल्या बाईला घेऊन अशी जीप रात्री पांदणीतून निघाली की घरातली म्हातारी औंढ्याच्या नागनाथाला नवस बोलायची. गाडीवर भिस्त ठेवणारं कुणी नव्हतं.

ही जीप आपल्याकडे आली ती मुंबईच्या वाटेनं. १९४७ मध्ये महिंद्रानं विलीजच्या पहिल्या ७५ गाड्यांचे सुटे भाग आणले आणि १९४९ मध्ये माझगावात जोडलेली जीप बाहेर पडली. मग उंच कपाळाची सीजे-थ्रीबी कित्येक वर्षं बनत राहिली. ऐंशीच्या दशकात प्युजोचं डिझेल इंजिन लावलेली एमएम ५४० आली आणि पेट्रोलच्या खर्चानं हैराण झालेल्यांनी सुटकेचा श्वास टाकला. तिकडं इंग्लंडातही गोष्ट जिपेपासूनच सुरू होते. युद्धानंतर रोव्हर कंपनीच्या मॉरिस विल्क्स यांच्या शेतावर एक लष्करी जीप होती. ती पाहून त्यांना शेतकऱ्यासाठी तशीच गाडी काढायचं सुचलं आणि १९४८ मध्ये ॲमस्टरडॅमच्या प्रदर्शनात लँड रोव्हर लोकांपुढं आली. पोलाद मिळत नव्हतं म्हणून पत्रा ॲल्युमिनियमचा. आज आपण जिला गडगंज माणसाची गाडी म्हणतो, तिचं मूळ असं शेणामातीचं आहे. १९७० मध्ये पहिली रेंज रोव्हर निघाली, तेव्हा तिच्या सीट रेक्झिनसारख्या आणि आतला भाग प्लास्टिकचा होता, कारण शेतावरून आलेल्या मालकानं पाण्याची नळी मारून गाडी आतून धुवावी अशी सोय ठेवलेली होती. आज त्याच नावाच्या, दोन कोटींच्या वर गेलेल्या गाडीत कुणी साखऱ्याची माती लागलेला पाय ठेवायला गेला, तर मालकाच्या तोंडातून काय निघेल ते इथं छापता यायचं नाही.

आमच्याकडे मधल्या काळात काळी-पिवळी आली. कमांडर आणि ट्रॅक्स. आठ-दहा माणसांच्या जागी वीस, मागच्या शिडीवर चार, टपावर कोंबड्या आणि सोयाबीनची पोती. दिसायला ती जिपेची थोरली बहीण, पण बहुतेकींची पुढची चाकं नुसती फिरणारी. ओढायचं काम मागच्यांचं. चारही चाकं ओढायची गरजच कमी होत चालली होती, कारण रस्ते येत होते. २५ डिसेंबर २००० ला पंतप्रधान ग्रामसडक योजना सुरू झाली, पुढं मुख्यमंत्र्यांच्या नावाची आली. वाडी-तांड्यांना खडी पडली, डांबर पडलं. अकोला-वाशिम-हिंगोली-नांदेड महामार्ग चौपदरी झाला. समृद्धी महामार्ग आमच्या शेजारच्या वाशिम जिल्ह्यातून गेला. आणि गंमत अशी की नेमका रस्ता झाला तेव्हाच गावोगावी चिखलात घालायच्या गाड्या आल्या.

महिंद्राची थार २०१० मध्ये आली, पण खरी लाट २ ऑक्टोबर २०२० ला आलेल्या नव्या थारनं उठवली. हळदीला भाव चढला त्या वर्षी तर आठवडी बाजाराच्या दिवशी कडेला उभ्या असलेल्या थारी पाहून वाटायचं, इथं गाड्यांचाच बाजार भरला की काय. पुढाऱ्यांची पसंती आधीपासून फॉर्च्युनरला. २००९ पासून ती पांढऱ्या रंगात सभेच्या मंडपामागं उभी आहे. मराठवाड्याला महागड्या गाडीचं वावडं कधी नव्हतंच. ऑक्टोबर २०१० मध्ये औरंगाबादच्या मंडळींनी एकगठ्ठा दीडशे मर्सिडीज घेतल्या, त्याची बातमी जगभर गेली होती. शेंद्र्याच्या कारखान्यात ऑडीच्या क्यू-फाइव्ह आणि क्यू-सेव्हन जोडल्या जातात. पुण्यात २०२४ पासून रेंज रोव्हर जोडली जाते. टोयोटानं बिडकीनला कारखान्यासाठी करार केलाय. चारही चाकं ओढणाऱ्या राजेशाही गाड्यांचं माहेर एका अर्थी आपल्याच अंगणात आलंय.

पण ‘चारही चाकं’ म्हणताना जरा सांभाळून. जानेवारी २०२३ मध्ये थारचा स्वस्त अवतार आला, त्यात ओढ फक्त मागच्या चाकांना. फॉर्च्युनरही तशी मिळते. पाच दरवाजांची थार रॉक्स तर फोर बाय फोर हवी असेल तर डिझेलमध्येच घ्यावी लागते. आमच्या भावकीतला एक पोरगा मोठ्या ऐटीत थार घेऊन आला. चुलत्यानं आत वाकून पाहिलं आणि विचारलं, ‘‘बारका दांडा कुठाय रे?’’ पोरगं म्हणालं, ‘‘काका, ते नाही यात. पण सनरूफ बसवून घेणार आहे.’’ चुलता म्हणाला, ‘‘कामून? रुतल्यावर वरून निघायला?’’

आता कागदावरची तुलना करायची तर नव्या गाड्यांपुढं जुनी जीप बिचारी आहे, हे मोकळेपणानं मान्य करावं. फोर बाय फोर थार ६५० मिलिमीटर पाण्यातून जाते, नाकाचा कोन एकेचाळीस अंशांच्या पुढं, म्हणजे समोर उभा बांध आला तरी बंपर घासायच्या आधी चाक चढायला लागतं. लँड रोव्हरची नवी डिफेंडर हवेच्या स्प्रिंगवर स्वतःला उचलून पोटाखाली २९१ मिलिमीटर जागा करते आणि ९०० मिलिमीटर, म्हणजे माणसाच्या कमरेएवढ्या पाण्यात उतरते; पाणी किती खोल आहे ते आरशाखालच्या सेन्सरवरून पडद्यावर दाखवते. मर्सिडीजची जी-क्लास १९७९ पासून जवळजवळ त्याच चौकोनी चेहऱ्यानं निघते. तिच्या डॅशबोर्डवर तीन बटणं आहेत. ती दाबली की मधला, मागचा आणि पुढचा असे तिन्ही डिफरन्शियल कुलूपबंद होतात आणि तीन चाकं हवेत असली तरी चौथं गाडी ओढून काढतं. जीप रँग्लरच्या रुबिकॉनमध्ये बटण दाबून पुढची लोखंडी कांब सुटी करता येते, म्हणजे एक चाक खड्ड्यात आणि एक दगडावर असं वाकडंतिकडं लटकता येतं. ऑडीची क्वाट्रो चारही चाकांना ओढ देते, पण तिला ओढ वाढवणारा बारका गिअर नाही. ती पावसातल्या महामार्गाची राणी, पांदणीची नव्हे. कयाधूला पूर आलाय, पुलावर ढोपरभर पाणी आहे आणि पलीकडं जायलाच हवं, असं म्हणून मला निवड करायला लावली, तर मी डोळे झाकून डिफेंडर म्हणेन. त्याहून शहाणपणाचं म्हणजे पाणी ओसरेपर्यंत अलीकडं थांबेन. दगड, चढ, ओढा, वाळू यांत नव्या गाडीशी जुन्या जिपेची बरोबरी नाही.

काळी मात्र वेगळा हिशेब मांडते. तिथं वजन आणि टायर बोलतात. फोर बाय फोर फॉर्च्युनर दोन टनांच्या वर, डिफेंडर सव्वादोन टनांच्या आसपास, जी-क्लास आणि रेंज रोव्हर अडीच टनांकडं झुकलेल्या. म्हणजे एकेक गाडी दोन जिपांएवढी. थारचे टायर पंचवीस सेंटिमीटर रुंद, रेंज रोव्हरचे साडेअठ्ठावीस, तेही तेवीस इंची चाकांवर चढवलेले, रबराची उंची कमी, नक्षी बारीक. अशा टायरला काळ्या मातीनं एक फेरा पूर्ण करू दिला की नक्षी भरून जाते आणि टायर लाटण्यासारखा गुळगुळीत होतो. मग कितीही अश्वशक्ती ओता. त्यात या गाड्यांची मडगार्डं चाकाला चिकटून, आतून प्लास्टिकचं अस्तर. त्यात माती दाटली तर खुरपं घालायला जागा नाही, आणि घातलंच तर दहा-वीस हजारांचं अस्तर फाटायची भीती.

संगणकाचंही तसंच. एखादं चाक मोकळं फिरायला लागलं की गाडी त्याला स्वतःहून ब्रेक लावते आणि जोर दुसऱ्या चाकाकडं वळवते. खडकावर ही युक्ती जादूसारखी चालते, कारण तिथं निदान एका चाकाला तरी पकड असते. काळ्या चिखलात चारही चाकं सारखीच घसरतात. संगणक एकाला आवरतो, दुसऱ्याला आवरतो, मग इंजिनालाच आवरतो आणि गाडी निवांत बसून राहते. इथं खरं तर चाक जोरात फिरून नक्षीतली माती फेकली जायला हवी. जाणकार ड्रायव्हर म्हणूनच असल्या ठिकाणी ती सोय बंद करतो. लँड रोव्हरमध्ये चिखल आणि चाकोऱ्यांसाठी वेगळी कळ असते. तिची बरीचशी अक्कल हीच, की चाकाला थोडं बेताल फिरू द्यायचं.

दोनेक वर्षांपूर्वी एका लग्नासाठी पाहुणे आले. गाडी परदेशी नावाची, कोटीच्या पुढची. नाव कशाला घ्या, दोष गाडीचा नव्हताच. मांडव रानातल्या आखाड्यावर, रात्री पाऊस झालेला. पाहुण्यांनी पांदणीच्या तोंडाशी काच खाली करून विचारलं, ‘‘जाईल ना?’’ गावानं एकमुखानं सांगितलं, ‘‘नका घालू, मालक.’’ त्यावर पाहुण्यांनी गाडीला किती प्रकारचे चिखल ओळखता येतात ते सांगितलं. चाळीस-पन्नास पावलं गाडी झोकात गेली. मग मागून एकदा डावीकडं झुकली, पडद्यावर पिवळे दिवे लुकलुकायला लागले आणि पोट चाकोरीच्या मधल्या उंचवट्यावर टेकलं. पोट टेकलं की फोर बाय फोर काय आणि सिक्स बाय सिक्स काय. नवरदेवाचा मामा ट्रॅक्टर घेऊन आला. मागच्या टायरच्या जाड पट्ट्यांतून मातीचे गोळे उडत होते आणि त्याला त्याचं काही नव्हतं. अडचण निघाली ती निराळीच. साखळी अडकवायची कुठं? जिपेला पुढं-मागं उघडे हूक असायचे. इथं बंपरच्या आत एक चौकोनी झाकण, त्याच्यामागं पेच, आणि त्यात बसवायची कडी डिक्कीत, सामानाखाली, फोमच्या खाचेत. ती शोधेस्तोवर मंगलाष्टकं झाली. अक्षता आम्ही तिथूनच टाकल्या.

हल्ली चिखलात गाडी घालायला पैसे भरावे लागतात. इगतपुरीजवळ महिंद्राची त्यासाठी शिकवणीच आहे. लोणावळ्याकडंही खास मैदानं तयार केलेली आहेत. गुरुजी शिकवतात ते ऐकून मला ड्रायव्हर काकांची आठवण येते. आधी उतरून वाट पायी पाहा. खोली मोजा. बारका गिअर चिखलात शिरण्याआधी टाका, शिरल्यावर नव्हे. मधे थांबू नका. एकटी गाडी नेऊ नका. काकांनी हे सगळं फुकट शिकवलं असतं, पण शिकायला आम्ही होतो कुठं, आम्ही मागून ढकलत होतो. चेष्टा सोडली तर ही शिकवणी बरी गोष्ट आहे. वीस लाखांची वस्तू घेऊन तिचा दांडा कधी हलवायचाच नाही, हे आम्हा शेतकऱ्यांना तरी पटण्यासारखं नाही. ज्यांच्या थारला बारका दांडा आहे, त्यांतल्या कितीकांनी तो पेट्रोल पंपाच्या आवारात मित्राला दाखवण्यापलीकडं वापरलाय, हे विचारून पाहावं.

जिपेचं खरं काम आज शिवारात करतोय तो फोर डब्ल्यूडी ट्रॅक्टर. पूर्वी ट्रॅक्टर म्हणजे पुढची चाकं लहान आणि फक्त वळायला. आता पुढची चाकंही पट्ट्यांची, मोठी आणि ओढणारी घ्यायचा कल वाढलाय. हळदीची खोल नांगरट असो, ओल्या रानातून सोयाबीनची पोती काढायची असोत, की कुणाची गाडी बाहेर ओढायची असो, हाकेला तोच येतो. जिपेसारखाच तो उघडा, आवाजी आणि कंबरेचा वैरी. काहींना आता एसीची केबिन येते. रेंज रोव्हरच्या वाटेला लागलेला दिसतोय.

आणि पांदणीचंही आता काही खरं नाही. २०२१ पासून मातोश्री ग्रामसमृद्धी योजनेतून शेतरस्ते नि पांदणी पक्क्या करायचं चाललंय. मोजणी व्हायची, अतिक्रमण निघायचं, बाभळी तुटायच्या, मुरूम पडायचा, त्यावर खडी. आमच्या पांदणीचा विषय ग्रामसभेत निघाला तेव्हा सगळ्यांनी हात वर केले. तेवढा तो सनरूफवाला पोरगा गप्प बसला होता. बाहेर आल्यावर त्याला विचारलं, तर म्हणाला, त्यानं ती गाडी विकून आता खरी फोर बाय फोर बुक केलीय, दोन महिन्यांत मिळेल, आणि पांदणीचं काम निदान पुढच्या पावसाळ्यापर्यंत तरी लांबवता येतं का ते सरपंचाला विचारून बघा.